धूमवतीवरची घंटा थांबली तेव्हा

पूर्वी धूमवती नदीच्या काठी रत्नावती नगरात इंद्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथे एका अमात्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सुनीथ. वडिलांमागून तो राजाचा अमात्य झाला. तो बोलायचा कमी, म्हणून दरबारात काही जण त्याला मंद समजत. त्याचीही त्याला काही हरकत नव्हती.

नदीला धूमवती हे नाव उगीच पडलेले नव्हते. हिवाळ्यात तिच्यावर असे धुके उतरे की नावाड्याला आपल्याच वल्ह्याचे टोक दिसत नसे. नगराच्या खालच्या अंगाला, नदी वळते तिथे, काळकडा नावाचा उभा खडक होता आणि त्याच्या पायथ्याशी भोवरा. धुक्यात वाट चुकलेली नाव शेवटी तिथेच जाई. भोवऱ्यात गेलेल्यांची प्रेते कधी वर येत नसत. त्यांचे आवाज मात्र येत. धुके पडले की पाण्याखालून माणसे बोलताना ऐकू येत, अगदी शेजारच्या खोलीत कुणी बोलावे तशी, आणि ही गोष्ट दोन्ही तीरांवरच्या लोकांना ठाऊक होती.

पूर्व तीरावर रत्नावती होती. तिथल्या घाटावरच्या देवळात काशाची एक प्रचंड घंटा टांगलेली होती. धुके उतरताच पुरोहित ती वाजवू लागे आणि धुके विरेपर्यंत ती थांबत नसे. एकाचा हात भरून आला तर दुसरा दोरी धरी, पण नाद तुटू द्यायचा नाही. पाण्यावरच्या माणसाला घर कोणीकडे ते कळावे आणि बुडालेल्यांचे बोलणे जिवंतांच्या कानी पडू नये, अशा दोन हेतूंनी पूर्वजांनी ही रीत घातली होती. नाद तुटणे हे महापाप मानले जाई.

पश्चिम तीरावर वेतवन होते. तिथले लोक वेताच्या टोपल्या आणि चटया विणत. त्यांना देऊळ नव्हते, मूर्ती नव्हती. त्यांच्या देवाचे नाव ‘ऐकता’. तो कधी बोलत नाही, फक्त ऐकतो, असे ते मानीत. धुके उतरले की वेतवनात जाते थांबे, मुसळ भिंतीला टेकवले जाई, गुरांच्या गळ्यातल्या घंटांत गवत कोंबले जाई. रडक्या पोराला आई पदराखाली घेई. मग घरटी एक माणूस काठावर येऊन बसे, बांबूची पोकळ नळी पाण्यात सोडी आणि दुसऱ्या टोकाला कान लावी. बुडालेल्यांचे निदान कुणीतरी ऐकावे, त्यांना एकटे वाटू नये, म्हणून हे चाले. त्या वेळी तोंडातून अवाक्षर काढायचे नाही, असा नियम होता. कारण जो मेलेल्याच्या हाकेला ओ देतो तो त्याच्यामागून जातो.

आता आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण माणसांइतकीच रीतींनाही लागू पडते. रत्नावतीच्या लोकांनी धुके विरता विरता ती नळ्या लावून बसलेली रांग पाहिली होती. ते म्हणू लागले, हे वेतवनी नळीतून श्वास ओढतात आणि नावा भोवऱ्यात खेचतात. वेतवनचे लोक म्हणत, बुडणाऱ्याची किंकाळी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हे नगरवाले घंटा बडवतात. दोन्ही तीरांवर माणसे बुडत होती आणि दोन्ही तीर एकमेकांना पाण्यात पाहत होते.

एका हिवाळ्यात पुरोहित देवघोषाचा मुलगा सुभानू धुक्यात बुडाला. सासुरवाडीहून परतत होता. नावेत आणखीही माणसे होती. मुलगा पाण्यावर आहे हे देवघोषाला ठाऊक होते. म्हणून त्या दिवशी त्याने दोरी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. तळहात फुटून रक्त आले तरी तो घंटा वाजवीत राहिला. धुके विरले तेव्हा नदी मोकळी होती. नाव नव्हती.

नगर खवळले. “महाराज, आता पुरे झाले,” लोक राजाला म्हणाले. “पुरोहिताने एवढी घंटा वाजवूनही नाव गेली, ती करणीशिवाय गेली नसेल. वेतवन जाळून टाका.”

राजा इंद्रकेतू दुष्ट नव्हता. पण त्याच्या प्रजेची मुले बुडत होती आणि आपण काहीतरी केले पाहिजे असे त्याला वाटत होते. काय करावे ते कळत नसले की माणूस जे करायला नको तेच आधी करतो. त्याने सैन्याला नावा सज्ज करण्याची आज्ञा दिली.

सुनीथ म्हणाला, “महाराज, ज्यांना जाळायचे त्यांच्या अंगणात आपल्यापैकी कुणी कधी बसलेले नाही. मला आधी जाऊन येऊ द्या.”

“जाऊन काय करणार?”

“बसेन.”

राजाला हसू आले, पण त्याने परवानगी दिली.

सुनीथ पागोटे आणि राजमुद्रा घरी ठेवून वेतवनात गेला. त्याला पाहून लोकांनी दारे लावून घेतली. सिंदाई नावाची एक म्हातारी तेवढी ओसरीवर वेत सोलत बसली होती. गावात तिच्या शब्दाला मान होता. तिने त्याला बसायला चटई टाकली, पण विचारले काहीच नाही. तोही काही बोलला नाही. ती सोलत होती ते वेत पाहून त्यानेही सोलायला घेतले आणि बोट कापून घेतले.

“ऱ्हाऊ द्या पाव्हणं,” सिंदाई म्हणाली. “हे तुमचं काम न्हवं.”

“मग माझ्याजोगं काम सांगा, आई.”

“धुकं पडंल तवा कान घेऊन या.”

धुके दुसऱ्याच सकाळी पडले. गाव एकदम गप्प झाले. सुनीथने आयुष्यात एवढी शांतता ऐकली नव्हती. पण पलीकडून, नदीच्या पाठीवरून, घंटेचा नाद येत होता आणि काळकड्यावर आपटून पुन्हा येत होता. सुनीथला रत्नावती कुठे आहे हे पक्के माहीत होते. तरी डोळे मिटून बोट दाखवायला कुणी सांगितले असते तर ते त्याला जमले नसते. घंटा समोर होती, मागे होती, पाण्यातही होती.

सिंदाईने त्याच्या हाती नळी दिली. त्याने कान लावला.

आधी नुसते पाणी ऐकू आले. मग, घंटेच्या नादाखालून, एक बाई म्हणाली, “दिवा कुठं ठेवलास?” ती पुन्हा म्हणाली, “दिवा कुठं ठेवलास?” तोच शब्द, तोच सूर. कुणीतरी अंगाईची अर्धी ओळ म्हणत होते आणि ती अर्धीच राहत होती. एक म्हातारा हसत होता. सुनीथने कान काढला नाही. मग एक तरुण आवाज आला, इतका जवळून की बोलणाऱ्याचा श्वास नळीत लागावा.

“बाबा, क्षणभर थांबवा. कुठून येतेय ते कळत नाही. बाबा, क्षणभर थांबवा.”

सुनीथ सुभानूला ओळखत होता. तो आवाज त्याचाच होता.

धुके विरल्यावर सुनीथने विचारले, “आई, तो बुडाला त्या दिवशी हा आवाज तुम्ही ऐकला होता?”

“ऐकला. समद्यांनी ऐकला.”

“मग ओ का नाही दिली?”

सिंदाईचे हात थांबले. “मेल्याचा का जित्याचा, कसं वळखावं बाबा? धुक्यात समदे हाका मारत्यात. वाडवडलांनी सांगून ठेवलंय, ओ दिली का गेला. आमी भ्यालो.” मग ती म्हणाली, “दुसऱ्या दिशी कळलं, जित्ता व्हता.”

ती रडली नाही. पण त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागत नव्हते, हे तिच्याकडे पाहून कळत होते.

सुनीथने आणखी एकच गोष्ट विचारली. “मेलेली माणसं प्रश्नाला उत्तर देतात का?”

“ठावं न्हाई. कुनी इचारलंच न्हाई कदी.”

तो यापुढे काही बोलला नाही. त्यांची रीत समजून घ्यायला तो आला होता, शिकवायला नव्हे.

नगरात परतल्यावर तो आधी पुरोहिताकडे गेला आणि मुलाचे शब्द त्याने जसेच्या तसे सांगितले. देवघोष उभा होता तो खाली बसला. मग उठून त्याने सुनीथला घराबाहेर काढले. “माझ्या घंटेचा नाद तुटला असता तर तो गेला असता, असे म्हण,” तो ओरडला. “नाद तुटला नाही म्हणून गेला, असे म्हणतोस? त्या लोकांनी तुला भारून पाठवले आहे!”

राजाने सारे ऐकून घेतले आणि त्याचा चेहरा काळा पडला. “म्हणजे माझी प्रजा बुडताना ते कान लावून ऐकत होते,” तो म्हणाला, “आणि कुणी तोंड उघडले नाही?”

“भीतीने, महाराज. आपणही भीतीनेच घंटा वाजवतो.”

“अमात्य, मी तुम्हाला बसायला पाठवले होते. त्यांची वकिली करायला नाही.”

सुनीथने खरे सांगितले होते आणि त्या खऱ्यानेच आगीत तेल ओतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा स्वतः सैन्यासह नावांत चढला. सैनिकांजवळ मशाली आणि तेलाच्या बुधल्या होत्या. सुनीथ रिकाम्या हातांनी राजाच्याच नावेत जाऊन बसला. कुणी त्याला उतरवले नाही.

ऊन स्वच्छ होते. नावा मध्यावर आल्या आणि उन्हातच धुके आले. ते वरून उतरले नाही, पाण्यातून वर आले. शेजारची नाव दिसेनाशी झाली, मग नावेचे दुसरे टोक. मागून घंटा सुरू झाली.

नावाड्यांनी नादाच्या रोखाने नावा वळवल्या. मग पुन्हा वळवल्या. घंटा डावीकडे होती, मग उजवीकडे, मग सगळीकडे. एक नावाडी म्हणाला, “घर इकडे आहे,” आणि दुसऱ्याने नेमके उलटे बोट दाखवले. वल्ही एकमेकांत अडकली. एवढ्यात घंटेच्या खालून एक दुसरीच घरघर सुरू झाली. ती भोवऱ्याची होती.

मग ते आवाज आले. आता ते नळीतून येत नव्हते, पायांखालच्या फळीतून येत होते. “दिवा कुठं ठेवलास?” एका सैनिकाने मान वर केली. “वहिनी?” म्हणत तो उठला आणि घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवावा तसा त्याने नावेबाहेर पाय टाकला. सुनीथने त्याचा कमरपट्टा धरून त्याला मागे ओढले. तो सैनिक रागावला. “मला जाऊ द्या ना,” तो म्हणाला, “त्या वाट बघताहेत.” दोघांनी त्याला धरून ठेवले.

राजा ओरडला, “वेतवनच्या लोकांनो! इकडे! आम्हाला वाट दाखवा!” ज्यांना जाळायला निघालो त्यांनाच हाक मारतो आहोत, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. जीव कंठाशी आला की कोण शत्रू आणि कोण मित्र हे मागे पडते. त्याच्या हाकेवर घंटेचा ठोका पडला आणि हाक पाण्यापाशीच मेली. त्याच्या पायाखालून कुणीतरी सावकाश म्हणाले, “बाबा, क्षणभर थांबवा.”

राजाने पाय वर घेतले. त्याने सुनीथकडे पाहिले. हाच तो आवाज, अशी सुनीथने मान हलवली.

आणि घंटा थांबली.

ती कशी थांबली हे पुढे देवघोषाने स्वतःच सांगितले. दोरी हातात असताना त्याला मुलाचे शब्द एकसारखे आठवत होते. ते खोटे आहेत असे तो स्वतःला बजावत होता आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्याला वाटत होते, खरे असले तर? महापाप लागेल, हे त्याला ठाऊक होते. “लागू दे,” असे मोठ्याने म्हणून त्याने दोन्ही हातांनी घंटेला मिठी मारली आणि तिची थरथर छातीवर घेतली. शिष्य घाबरून पळाले.

धूमवतीवर धुके असताना अशी शांतता पिढ्यान्‌पिढ्या झाली नव्हती. बुडालेलेही क्षणभर गप्प झाले. सुनीथ उभा राहिला आणि त्याने साध्या आवाजात हाक दिली, “सिंदाई!”

उत्तर आले नाही. भोवऱ्याची घरघर वाढत होती. नाव हळूहळू गोल फिरू लागली होती. मग पाण्यावरून एका म्हातारीचा आवाज आला.

“कोन हाय?”

कुणी काही बोलायच्या आत तिने पुढचे विचारले, “आज काय जेवलासा?”

नावेतली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. काहींना वाटले, ही चेटकीण आपल्याशी खेळते आहे. सुनीथ राजाला म्हणाला, “महाराज, आपण उत्तर द्या. मेलेली माणसे तेच तेच बोलतात. आपण जिवंत आहोत की नाही, ते ती बघते आहे.”

राजा म्हणाला, “काही नाही. सकाळपासून उपाशी आहे.”

“कशापाई आलासा?”

आता सगळे सैनिक खाली पाहू लागले. मशाली त्यांच्या पायांशी पडल्या होत्या. राजाने खोटे बोलायला तोंड उघडले होते. व्यापाराला आलो म्हणता आले असते, वाट चुकलो म्हणता आले असते. पण त्या विचित्र शांततेत, पायाखाली इतके जण ऐकत असताना, त्याला खोटे बोलवेना.

“तुमचे गाव जाळायला,” तो म्हणाला.

शांतता इतकी लांबली की एक नावाडी हुंदके देऊ लागला. राजाला वाटले, संपले, आणि हे आपणच ओढवून घेतले.

तेवढ्यात धुक्यात ठक् असा आवाज झाला. मग काहीच नाही. मग पुन्हा ठक्. कुणीतरी उखळात मुसळ घालत होते. तो आवाज एकाच जागेवरून येत होता आणि दोन घावांमध्ये थांबत होता, म्हणून कानाला त्याची दिशा कळत होती. नावाड्यांनी वल्ही सरळ केली. मुसळ पडे, नाव पुढे सरके. नाव सरके, मुसळ वाट पाही. एकामागून एक साऱ्या नावा वेतवनच्या वाळूला लागल्या.

काठावर सिंदाई उखळापाशी उभी होती. तिच्यामागे सारे गाव एकमेकांचे हात धरून, डोळे मिटून उभे होते. तोंड उघडलेल्या सिंदाईला आता नदी ओढून नेणार, असे त्यांना वाटत होते, आणि तिला नेले तर आपणही धरून ठेवायचे, असे त्यांनी ठरवले होते. नदीने तिला नेले नाही.

राजा वाळूवर उतरला. “मी काय करायला आलो ते तू ऐकलेस,” तो म्हणाला. “तरी वाट दाखवलीस?”

“म्या इचारलं ते जित्ता हाईस का बघाया,” सिंदाई म्हणाली. “वैरी हाईस का ते बघाया न्हाई.”

राजा तिथेच वाळूत बसला. कांडून झालेल्या नाचणीची आंबील तिने त्याच्यापुढे ठेवली आणि ती त्याने सैनिकांसमोर, सर्वांदेखत, खाली बसूनच प्यायली. तेलाच्या बुधल्या वेतवनच्या लोकांना दिव्यांसाठी देऊन टाकल्या गेल्या.

त्यानंतर सुनीथने कुणालाही आपली रीत सोडायला लावली नाही. रत्नावतीची घंटा धुक्यात वाजतच राहिली. फक्त ठोका पडला की ती थांबू लागली. आपण सांगितले, आता पलीकडचा काय म्हणतो ते ऐकावे, एवढा वेळ. वेतवनचे लोक नळ्या लावून ऐकतच राहिले. फक्त हाक आली की ते विचारू लागले, कोण आहे, काय जेवलास. उत्तर आले की मुसळ उचलत. बोलणाऱ्यांना ऐकणे अवघड गेले आणि ऐकणाऱ्यांना बोलणे अवघड गेले. काही वर्षे कुरबुरी झाल्या. पण भोवऱ्यात नवी माणसे जाईनाशी झाली.

देवघोष मात्र त्या दिवसानंतरच्या पहिल्याच धुक्यात घंटा शिष्यांवर सोपवून वेतवनात आला. त्याने सिंदाईकडे नळी मागितली. तिने ती दिली आणि त्याच्याजवळ बसली. बराच वेळ तो कान लावून होता. मग त्याचा चेहरा बदलला. मुलगा तेच म्हणत होता, त्याच सुरात. मेलेल्याला ओ देऊ नये, हे सिंदाईने त्याला आधीच सांगितले होते आणि त्याने ते नीट ऐकूनही घेतले होते. तरी त्याने नळीला तोंड लावले.

“थांबवली रे बाळा,” तो म्हणाला. “थांबवली.”

सिंदाईने त्याचा दंड घट्ट धरला. नदी त्यालाही ओढून नेईल, असे तिला वाटले. तसे काही झाले नाही. पण तो आवाज त्यानंतर कुणालाही, कुठल्याही धुक्यात, ऐकू आला नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा विहारात घडलेल्या एका प्रसंगावरून सांगितली. समुद्रापलीकडून आलेला एक तरुण भिक्षू पाठाच्या वेळी मुका बसे. त्याला इथली भाषा येत नव्हती आणि त्याच्या देशात धर्म मनातल्या मनात स्मरण्याची रीत होती. पाठाची घंटा वाजली की तो दचके आणि कधी उठून बाहेरही जाई. याचे धर्मावर प्रेम नाही, असे म्हणून पाठ सांगणारे वृद्ध नंदिवर्धन स्थविर त्याला सर्वांसमोर टाकून बोलले होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा राजा इंद्रकेतू म्हणजे आज विहाराला लाकूड पुरवणारा उपासक धनंजय. सिंदाई म्हणजे भिक्षुणी वेलुवती. अमात्य सुनीथ मीच होतो. पुरोहित देवघोष म्हणजे आपले नंदिवर्धन.”

नंदिवर्धनांनी हात जोडले. मग त्यांनी विचारले, “भगवन्, आणि तो बुडालेला मुलगा?”

शास्त्यांनी दाराकडे पाहिले. तिथे तो परदेशी भिक्षू बसला होता. त्याला कथेतला एक शब्दही कळलेला नव्हता आणि तरी त्याचे डोळे भरून वाहत होते.

वृद्ध स्थविर उठले. काठी टेकत दारापर्यंत गेले आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. बऱ्याच वेळाने तो तरुण आपल्या भाषेत हळूहळू बोलू लागला आणि नंदिवर्धन, एकही शब्द कळत नसताना, शेवटपर्यंत ऐकत राहिले.

शास्ते म्हणाले, “ही मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता होय.”